पदपथ मध्येच का तुटतो?

महोदय,
नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानात सकाळी चालायला येणारे कितीतरी जण गाडी घेऊन येतात. चालण्यासाठी गाडी!  सिडको या सरकारी नगररचना संस्थेने आखलेल्या या शहरात शाळा, बाजार, स्टेशन सेक्टरपासून सायकलच्याच अंतरावर आहेत. पण पदपथावर मध्येच दुचाक्या, विजेच्या डीपी पेट्या, उखडलेले पेव्हर ब्लॉक. आईला स्टेशनवर नेताना दर वेळी तिचा हात धरून मला भर रस्त्यात उतरावं लागतं. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत किमान १.८ मीटर मोकळा पदपथ सांगितला आहे. सायकल ट्रॅकचे सुटे तुकडे नकोत. सेक्टर, स्टेशन आणि खाडीकिनारा जोडणारं सलग जाळं हवं. सुरुवात शाळांच्या रस्त्यांपासून व्हावी.
– एक रहिवासी, नेरूळ