हाडात मुरलेलं शिसं

सोलापूर

चि. सौ. वैशालीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, सत्तरीनंतर बीपी वाढायचंच, विसरायला व्हायचंच. वयाचा वाटा आहेच. पण नव्या डॉक्टरांनी मला आधी विचारलं, "काका, आयुष्यभर काम काय केलंत?" म्हटलं, मंगळवार पेठेतल्या छापखान्यात कंपोझिटर होतो, ऑफसेट छपाई येईपर्यंत खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले. त्यांनी लगेच रक्तातलं शिसं तपासायला लिहून दिलं.

खिळा म्हणजे शिसं, त्यात थोडं अँटिमनी आणि कथील. दिवसभर केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, खिळे उचलायचे, छपाई झाली की सोडून परत खणाखणांत टाकायचे. खणांच्या तळाशी काळी धूळ साचलेली असे. जुने खिळे वितळवायची भट्टी मागच्याच खोलीत. शिसं उतरावं म्हणून सगळे गूळ खायचे. गुळाने ते उतरत नाही. जेवणाआधी साबणाने हात धुतले तर हातावरचं शिसं तरी पोटात कमी जातं.

शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. एका अक्षराच्या खणात दुसऱ्याच अक्षराचा खिळा पडावा, तसं ते हाडात कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून अधिक शिसं हाडांतच असतं. रक्तातलं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं, हाडातलं निम्मं व्हायला १० ते ३० वर्षं लागतात. म्हातारपणी हाडं झिजू लागली की ते पुन्हा रक्तात उतरतं. रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांवर ताण येतो, स्मरणशक्तीवर परिणाम होतो. खुबा मोडून महिनोन्महिने पडून राहावं लागलं तरी हाडं झिजतात आणि हेच घडतं. म्हणून आम्हा दोघांना घरात पडू न देणं हेसुद्धा औषधच समज. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला आहे.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी लिहायला बसलो. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत बायकांचं हाड झपाट्याने झिजतं आणि साठलेलं शिसंही तेव्हाच बाहेर पडतं. माझे काळे झालेले सदरे तुझ्या आईने हाताने धुतले. मी कामावरून आलो की तू तशीच येऊन बिलगायचीस. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषतं. शिवाय शिसं घातलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० सालापर्यंत होतं, ते तर तुझ्या अख्ख्या पिढीच्या छातीत गेलं. तू आता पन्नाशीला आलीस. घाबरू नकोस, पण पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलीस की "माझे वडील खिळे जुळवायचे" एवढं नक्की सांग. ते आपणहून विचारतील याची खात्री नाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन पाहून घे. अंगात कॅल्शियम आणि लोह कमी असलं की नवं शिसं जास्त शोषलं जातं. दूध, नाचणी, तीळ पोटात जाऊ दे आणि चालणं सोडू नकोस.

आईचं दुसरंच. गड्ड्याच्या यात्रेत कुणाकडून तरी तिने गुडघ्यांसाठी पुड्या आणल्या. वर नाव नाही, आत काय ते ठाऊक नाही. २००४ साली बोस्टनच्या दुकानांत विकली जाणारी ७० आयुर्वेदिक औषधं तपासली होती, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. ती तर दुकानातली, लेबल लावलेली. मी पुड्या बंद करायला लावल्या. तिला गुण येतोय असं वाटत होतं, त्यामुळे रुसली आहे. तिच्याही रक्ताची तपासणी करायची आहे. तू बोल तिच्याशी, तुझं ऐकते.

सलाइन लावून अंगातलं शिसं काढतात ती जाहिरात तू पाठवलीस. तुझी काळजी कळते, पण ते नको. डॉक्टर म्हणाले, तशी औषधं रक्तात प्रमाण खूप वाढलेलं असेल तेव्हाच, आणि इस्पितळाच्या देखरेखीखालीच द्यायची. शरीराला हवी ती खनिजंही त्यांच्याबरोबर निघून जातात. माझं प्रमाण तेवढं नाही. मात्र रक्ताच्या तपासणीत हाडातला साठा दिसत नाही, म्हणून बीपी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) नेमाने बघत राहायचं ठरलं आहे.

उन्हाळ्यात येशील तेव्हा तुझे रिपोर्ट घेऊन ये. उरलेल्या पुड्या मी डबीत जपून ठेवल्या आहेत. शिसं आणि पारा तपासून देणारी प्रयोगशाळा पुण्यात आहे का, तेवढं आधी विचारून ठेव.

तुझा,
बाबा