सोबत न आल्याबद्दल आभार, काका

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र उघडं लिहितोय. आपल्या डेन्व्हरकडच्या मराठी मंडळींपैकी काहीजण मला विचारतात की गाईड न घेता, पब्लिक लँडवर, म्हणजे सरकारी जमिनीवर, टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीचा पहिलाच बेत तू कसा जमवलास. त्याचं उत्तर तुम्ही आहात. आणि फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "टायर बघितलेस का?" म्हणून विषय बदलता. तेव्हा लिहिलेलं बरं.

पहिले आभार तुम्ही सोबत आला नाहीत याचे. प्यूब्लोच्या पोलाद कारखान्यात नोकरी करता करता तुम्ही वेट माउंटन्सचा डोंगर न् डोंगर तुडवलात. मला वाटलं होतं, एक शनिवार काढाल, एखाद्या झाडाखाली नेऊन बसवाल, झालं. तुम्ही म्हणालात, "जागा सांगणार नाही. प्रश्न विचार, रात्री दहापर्यंत कितीही विचार." तेव्हा मनात म्हटलं, काका भलतेच कंजूष निघाले. आता वाटतं, जागा सांगितली असतीत तर मी तिथे जाऊन बसलो असतो, आणि पक्षी तिथे का असतात हे मला आजही कळलं नसतं.

कागदपत्रांपासून सुरुवात केलीत ते फार बरं झालं. माझ्यासारख्या एच-वन-बीवाल्यांना बहुतेक माहीत नसतं, की या व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, आणि इथल्या एखाद्या राज्याचं शिकारीचं वैध लायसन्स जवळ असेल तर त्याला अपवाद आहे. म्हणजे क्रम ठरलेला: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग बंदुकीचं दुकान. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हा कोर्स सक्तीचा. तुमचा जन्म त्याआधीचा, तुम्हाला सूट होती, तरी तुम्ही तो केलात आणि वर्गात सगळ्यात म्हातारे होतात, हे मला काकूंकडून कळलं. वसंतातलं टर्कीचं लायसन्स बऱ्याच युनिटांत, म्हणजे शिकारीच्या विभागांत, थेट काउंटरवर मिळतं, सोडतीची वाट बघावी लागत नाही. म्हणून तर पहिल्या बेताला एल्क या मोठ्या हरणापेक्षा टर्की सोपी, असं तुमचं म्हणणं.

खरी शाळा मात्र नकाशाची. मी मोठ्या हौसेने जागांची यादी केली होती आणि तुम्ही ती एकेक करून खोडलीत. एक होता स्टेट ट्रस्ट लँडचा तुकडा. सरकारी म्हणजे खुला, असं मी धरून चाललो होतो. कोलोरॅडोत तसं नाही. ही जमीन शाळांसाठी पैसा उभा करायला भाड्याने दिलेली असते, आणि वन्यजीव खात्याने तिचे जेवढे तुकडे शिकारीसाठी घेतलेत तेवढेच आपल्याला खुले. दुसरा होता बीएलएमचा, म्हणजे फेडरल सरकारच्या जमीन खात्याचा, एक सुरेख चौकोन, पण तो दुसऱ्या सरकारी जमिनीला फक्त एका कोपऱ्यावर टेकलेला, बाकी चहूबाजूंनी खासगी रँच. तिथे तुम्ही मला वायोमिंगच्या एल्क माउंटनची गोष्ट सांगितलीत. मिसुरीच्या शिकाऱ्यांनी कोपऱ्यावर शिडी लावून पलीकडे उडी मारली, रँचमालकाने दावा ठोकला, आणि मार्च २०२५ मध्ये इथल्या डेन्व्हरच्या फेडरल अपील कोर्टाने १८८५ च्या कुंपणविरोधी कायद्याचा आधार घेऊन शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. मी लगेच उत्साहाने, "म्हणजे जाता येईल!" तर तुम्ही म्हणालात, "येईल. पण पहिल्याच फेरीत पहाटेच्या अंधारात अचूक कोपरा शोधत बसणार आहेस का? निकाल चांगला आहे, तो मोठ्यांना वापरू दे." शिवाय कोलोरॅडोत खासगी जमिनीला कुंपण किंवा पाटी असलीच पाहिजे असं नाही. हद्द कुठे हे कळणं ही आपली जबाबदारी. तो चौकोनही गेला.

उरलं सॅन इझाबेल नॅशनल फॉरेस्ट. तिथेही तुम्ही झाडांच्या आधी रस्ते बघायला लावलेत. गाड्या कुठल्या रस्त्याने आणि कुठल्या महिन्यांत नेता येतात हे दाखवणारा फॉरेस्ट सर्व्हिसचा फुकट नकाशा असतो, तो उघडल्यावर दिसलं की माझा लाडका रस्ता वसंतात बंदच असतो, चिखल आणि बर्फामुळे. "कॅन्यन सिटीच्या रेंजर ऑफिसला फोन कर आणि फक्त गेट उघडलं का एवढं विचार. टर्की कुठे आहेत असं विचारू नकोस, ती बिचारी हेच ऐकून कंटाळलेली असतात." हे वाक्य मी डायरीत उतरवून ठेवलंय.

मग तुमचा तो प्रश्न: "बर्फ कुठवर आहे?" मला वाटलं हवापाण्याचं विचारताय. मग तुम्ही समजावलंत, की इथली मेरियम टर्की, शेपटीच्या टोकाला पांढरट पट्टा असलेली, हिवाळ्यात खाली दरीत उतरते. खाली म्हणजे रँचवाल्यांच्या गवताच्या कुरणांत, गुरांच्या चाऱ्यापाशी, म्हणजेच खासगी जमिनीत. सीझन एप्रिलच्या मध्याला सुरू होतो आणि सगळे तेव्हाच धावतात. पण तेव्हा नॅशनल फॉरेस्टच्या उंचीवर बर्फ असतो आणि पक्षी कुंपणाच्या पलीकडे. मे उजाडला की बर्फाची रेघ वर सरकते आणि टर्की तिच्या मागोमाग चढतात, कारण नवा पाला आणि किडे तिथेच निघतात. म्हणून मी रजा एप्रिलची रद्द करून मे महिन्यात टाकली आणि रोज सॅटेलाइटच्या चित्रात ती पांढरी कड वर सरकताना बघत बसलो. आठ हजार फुटांच्या आसपास, पाँडेरोसा पाइन आणि गॅम्बल ओक जिथे एकमेकांत मिसळतात, पाणी जवळ, पूर्वेला उतार. एवढ्या अटींत बसणाऱ्या जागा मोजक्याच उरल्या. गंमत म्हणजे त्यातली एक बघून तुम्ही फोनवर गप्प झालात. ती तुमची होती ना? ती मी सोडली.

तयारीच्या बाबतीत तुम्ही सासूसारखे वागलात, हे काकूंच्या समोर म्हणायला मी तयार आहे. घरी बोलावून माझी बॅग जमिनीवर ओतायला लावलीत. लाल थर्मास बाजूला. निळा रुमाल बाजूला. बायकोने डबा लाल फडक्यात बांधला होता, ते फडकंही बाजूला. मग मला भिंतीला टेकून खाली बसायला लावलंत आणि पँट वर सरकल्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या मोज्यांकडे बोट दाखवलंत. वसंतात नर टर्कीचं डोकं लाल, पांढरं, निळं होतं, आणि पब्लिक लँडवर झुडपाआडून दुसरा कुणी तेच रंग शोधत बसलेला असतो. झाड खांद्यांपेक्षा रुंद निवडायचं. आवाजाच्या दिशेने सरपटत जायचं नाही, तो आवाज माणूसही काढत असेल. कुणी येताना दिसला तर हात हलवायचा नाही, टर्कीचा आवाज तर नाहीच नाही, मराठीत ओरडलं तरी चालेल पण खणखणीत ओरडायचं. बंदुकीचंही तसंच. दुकानदाराने काडतुसांच्या खोक्यावरचं अंतर दाखवलं होतं, ते तुम्ही ऐकूनही घेतलं नाहीत. कागदावर वर्तुळ काढून वेगवेगळ्या अंतरांवरून छर्रे कुठे पडतात ते मोजायला लावलंत. माझ्या बंदुकीचे तीस यार्डांपुढे इतके विखुरतात की तीस हीच माझी हद्द, हे घरीच ठरलं.

त्या हद्दीपायीच हात हलवत परत आलो, हे तुम्हाला माहीत आहेच. पहिल्या जागेच्या तोंडाशी दुसऱ्याची गाडी उभी होती. तुम्ही सांगितल्याप्रमाणे कुरकुर न करता पुढच्या जागेवर गेलो. वाटेत पाइनच्या सुया उकरलेल्या दिसल्या, आणि इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली विष्ठा, म्हणजे नर. संध्याकाळी धारेवर बसून घुबडाचा आवाज काढला आणि खालच्या पाइनमधून उत्तर आलं. काका, तो गॉबल, नराची ती साद, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मानेवरचे केस उभे राहिले. पहाटे अंधारात त्याच्याच उंचीवर जाऊन बसलो, टर्कीचा आवाज काढायचा तुमचा पाटीचा कॉल अगदी हळू घासला. तो झाडावरून उतरला, पिसारा फुलवून ओकच्या मागे येरझाऱ्या घालत राहिला, साठेक यार्डांवर. मग माद्या आल्या आणि त्यांच्यामागे निघून गेला. मी बंदूक उचललीच नाही. त्याचा पश्चात्ताप नाही, चुटपुट मात्र आहे.

एक गोष्ट फोनवर अर्धवट राहिली होती. मी विचारलं होतं, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, मी त्यातच वाढलो, मग इथे हे करताना तुम्हाला कसं वाटतं? तुम्ही सरळ उत्तर दिलं नाहीत. काडतुसांच्या पावतीकडे बघायला सांगितलंत. बंदुका-काडतुसांवर उत्पादकांकडून फेडरल कर घेतात, काडतुसांवर ११ टक्के, आणि १९३७ च्या कायद्याने तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. गेल्या शतकाच्या सुरुवातीला या देशातून टर्की जवळजवळ संपली होती. पन्नासच्या दशकात तोफेने उडणारी जाळी टाकून रानटी पक्षी जिवंत पकडले आणि जिथे उरले नव्हते तिथे नेऊन सोडले, त्यातून त्या पुन्हा वाढल्या. मला हे पटलं, पण पूर्ण उत्तर म्हणून नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही तुमच्या आईला कधी सांगितलंत, हे पुढच्या वेळी विचारणार आहे.

काकूंनी दिलेला चिवडा पहिल्याच रात्री तंबूत संपला, त्यांनाही नमस्कार सांगा. पाटीचा कॉल झिपलॉकमध्ये कोरडा ठेवलाय, घासायला सँडपेपरही सोबत आहे. सीझन ३१ मेपर्यंत आहे आणि बर्फाची रेघ आणखी वर गेलीय. तुम्हाला कॉल लागणार नसेल तर महिनाअखेरीस आणून देतो. लागणार असेल तर शनिवारी प्यूब्लोला येऊन देऊन जातो, तसं कळवा.

आपला,
ऑरोराचा शिकाऊ