तुळशीच्या लग्नाला फोन का लागला नाही

पिट्सबर्ग, 5 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मी बरी आहे, जेवते, झोपते, स्वेटर घालते. आधी हेच लिहिते, कारण रविवारी तू सात वेळा फोन केलास आणि ‘काऊन लागत नाही इचा फोन’ म्हणत बाबांनाही झोपू दिलं नाहीस, असं दादानं सांगितलं. आई, फोन मी मुद्दाम फ्लाइट मोडवर टाकला होता.

शनिवार-रविवार आमच्याकडे हॅकेथॉन होती. दादा समजतो तसं त्यात कोणाचं खातं रिकामं करत नाहीत. विद्यार्थी गट करून बसतात आणि ठरल्या वेळात कोणाच्या तरी कामाचं सॉफ्टवेअर बनवतात. यंदा ते शाळा सुटल्यावर पोरांना वाचायला शिकवणाऱ्या एका संस्थेसाठी होतं. वर्ग तळघरात भरतो, तिथं नेट पोचत नाही. संस्थेच्या बाई बोलत होत्या आणि मला तू दिसत होतीस, अंगणवाडी सुटल्यावर मोबाइल घेऊन पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढणारी. माहिती भरत आणली की ते गोल फिरत राहायचं आणि सगळं पुसलं जायचं. मी गटाला म्हटलं, आधी फोनमध्येच साठवू, रेंज आली की आपोआप पुढं जाईल. सेविकेला एक अक्षर दुसऱ्यांदा भरावं लागू नये. माझ्या तोंडून ‘सेविका’च निघालं.

आता इथली एक रीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजले की घड्याळात परत एक वाजवतात. जवळपास सगळा देश! म्हणजे एक ते दोन हा तास एका रात्रीत दोनदा येतो. मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढं सरकवतात, येत्या वर्षी 8 तारखेला. उन्हाळ्यात संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून, असं सांगतात. आपल्याकडे उजाडलं की माणूस वावरात जातो, घड्याळाला कोणी हात लावत नाही. मला हे अजून पटत नाही. नेमकी तीच रात्र आमच्या कामाची. एक चाळीसला हजेरी भरली, अर्ध्या तासानं तीच दुरुस्त केली, तर दुरुस्तीवर वेळ पडली एक दहा. प्रोग्रामनं दुरुस्तीच जुनी समजून फेकून दिली. बराच वेळ कारण सापडेना. मग सगळ्या नोंदी ग्रीनिचच्या वेळेवर ठेवल्या, ती मागंपुढं होत नाही. सकाळी रेंजशिवाय चालतं का बघायला माझाच फोन घेतला. तेव्हा इथं साडेआठ, तुमच्याकडे संध्याकाळचे सात. तुळशीपुढं मंगलाष्टकं चालली असतील.

आता साडेनऊऐवजी साडेदहा तासांचं अंतर आहे. रात्री आठला फोन कर, माझे सकाळचे साडेनऊ असतात.

मावशीला सांग, गटात आम्ही दोघी मुली होतो, दिवे रात्रभर लागलेले होते, दाराशी पहारेकरी होता. बक्षीस मिळालं नाही. पण बाईंनी अॅप वापरायला घेतलंय, आणि कोड खुला आहे, कोणीही फुकट घेऊ शकतं. पहिलं तुझ्यासाठी व्हायला हवं होतं, आई. माहीत आहे मला.

बाबा, कापूस घाईनं खेडा खरेदीत, गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला देऊ नका. लांब धाग्याचा हमीभाव यंदा क्विंटलला 8,110 रुपये आहे, पण सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, 12 टक्क्यांवर ओलावा घेत नाही, चांगली उन्हं दाखवा. वेचाईसाठी 20 हजार पाठवलेत, लायब्ररीतल्या कामाचे. परत पाठवू नका.

अमरावतीच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. मे महिन्यात शिक्षण संपतं, तोवर आत्याला थांबायला सांगा. ताईच्या लग्नाला येणं होणार नाही, तिकिटाचे पैसे आत्ता नाहीत; तिला मीच सांगेन, तुम्ही सांगू नका.

आणि आई, तुझ्या रजिस्टरच्या एका पानाचा फोटो पाठव, पोरांची नावं झाकून. मराठी अॅप सुरू केलंय, पण रकाने कोणत्या क्रमानं असतात तेच आठवेना.

तुमची,
मनू