कारवी सात वर्षांनी फुलते, कॅमेरा मात्र जुलैतच झोपतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की सड्यांवर, पाझर तलावांच्या काठी आणि दरडीची भीती असलेल्या उतारांसमोर टाइमलॅप्स कॅमेरे (ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारे) बसवायची तयारी सुरू होते. निसर्गमंडळे आणि महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग यात हौसेने उतरतात. चर्चा मात्र सगळी मेगापिक्सेल आणि लेन्सची. कॅमेरा चालवणाऱ्या छोट्या संगणकातले सॉफ्टवेअर शेवटच्या दिवशी, फुकट मिळेल ते घातले जाते. आसपास कोणी नसताना पाच महिने राबायचे असते ते त्यालाच! कारवी साधारण सात वर्षांतून एकदा फुलते. तो हंगाम हुकला तर पुन्हा तेवढीच वाट पाहणे आले.

म्हणून निवडताना सोयींची यादी बाजूला ठेवावी आणि एकच विचारावे: वीज जाऊन परत आली, तर कोणी बटण न दाबता पुढचा फोटो निघतो का? पडद्यावर खिडकी उघडून ‘स्टार्ट’ दाबावे लागणारे बहुतेक प्रोग्रॅम इथेच गळतात. संगणक उठतो, लॉगिनच्या पडद्यावर येतो आणि महिनाभर तिथेच उभा राहतो. विंडोजवर अपडेटनंतरच्या रीस्टार्टची त्यात भर.

दुसरी गोम अशी की असे प्रोग्रॅम ‘दर दहा मिनिटांनी’चा हिशेब स्वतःच्या स्मृतीत ठेवतात. एकदा अडकले की पुढचे सगळेच अडकते. त्यापेक्षा वेळापत्रक बाहेर ठेवावे. लिनक्सवर ‘क्रॉन’ किंवा ‘सिस्टमडी टायमर’ दर वेळी एक छोटी आज्ञा सुरू करतो. ती एक फोटो काढते आणि संपते. एखादा फोटो चुकला तरी पुढच्याला त्याची झळ नाही. ‘रास्पबेरी पाय’ या एका पाटीवरच्या छोट्या संगणकाच्या स्वतःच्या कॅमेऱ्यासाठी ‘आरपीकॅम-स्टिल’ ही आज्ञा आहे (जुन्या आवृत्त्यांत तिचे नाव ‘लिबकॅमेरा-स्टिल’). तिच्यात टाइमलॅप्सचा पर्याय आहे खरा, पण तो घरातल्या टेबलासाठी ठीक. डीएसएलआर यूएसबीने जोडायचा असेल तर ‘जीफोटो-टू’ ही आज्ञा. तिथे हमखास येणारी अडचण म्हणजे यूएसबी उपकरण ताब्यात घेता येत नाही, असा संदेश. डेस्कटॉप असलेल्या लिनक्समधली फाइल दाखवणारी सेवा कॅमेरा जोडताच तो स्वतःकडे ओढून घेते, त्याचा हा परिणाम. डेस्कटॉप नसलेली ‘लाइट’ आवृत्ती घातली की प्रश्न मिटतो. आयपी कॅमेरा (नेटवर्कवरून चित्र पाठवणारा) असेल तर ‘एफएफएमपेग’ने त्याच्या व्हिडिओ-प्रवाहातली एकच चौकट (फ्रेम) उचलावी. पण कॅमेऱ्याने उत्तर दिले नाही तर ही आज्ञा ताटकळत बसू शकते. तिच्यापुढे ‘टाइमआउट’ लावून ३० सेकंदांत तिला संपवावे आणि ‘एफलॉक’ने एका वेळी एकच प्रत चालेल असे पाहावे. नाहीतर अडकलेल्या आज्ञांचा ढीग साचून संगणकच बसतो.

सीसीटीव्हीचा रेकॉर्डर वापरा, असा सल्ला दुकानात हटकून मिळतो. तो ऐकू नये. डिस्क भरली की सर्वांत जुने पुसून नवे लिहायचे, हा रेकॉर्डरचा नेहमीचा स्वभाव. चोर पकडायला तो उत्तम, पण इथे सप्टेंबरची फुले जूनचा उघडा कातळ खाऊन टाकतात.

सलग व्हिडिओही नको. एमपी-फोर फाइलची अनुक्रमणिका सहसा अगदी शेवटी, फाइल बंद होताना लिहिली जाते. मधेच वीज गेली तर आत सगळे असूनही फाइल उघडत नाही. सुटे जेपेग फोटो असतील तर नुकसान फार तर शेवटच्या एका फोटोचे.

साठवणुकीचे गणित आधी कागदावर मांडावे. १ जून ते ३१ ऑक्टोबर म्हणजे १५३ दिवस. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर दहा मिनिटांनी एक, असे दिवसाला ७२ फोटो धरले तर एकूण ११,०१६ होतात. १२ मेगापिक्सेलचा जेपेग ५ एमबीचा धरला तर सुमारे ५५ जीबी. प्रणालीची जागा धरता ६४ जीबीचे कार्ड काठोकाठ भरते. १२८ जीबीचे, तेही ‘हाय एन्ड्युरन्स’ (सततचे लिहिणे सोसणारे) घ्यावे. सेकंदाला २५ चौकटींनी या सगळ्याची फिल्म सव्वासात मिनिटांची होते. याच आकड्यात एक सापळा दडलेला आहे. अनेक कॅमेरे फाइलला चारच अंकी क्रमांक देतात. ९,९९९ नंतर नवे फोल्डर उघडून मोजणी पुन्हा ०००१ पासून. वरच्या वेगाने ही वेळ १७ ऑक्टोबरला येते. घरी आणून सगळे एकाच फोल्डरमध्ये ओतले की ऑक्टोबरचे फोटो जूनच्या फोटोंवर बसतात. फाइलच्या नावातच वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट घालता येत नसेल, तर ते सॉफ्टवेअर घेऊच नये.

नावात वेळ घालायची तर घड्याळ खरे हवे. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर घड्याळच नाही. वीज गेली की शेवटची जतन केलेली वेळ धरून तो पुढे चालतो आणि नेटवर्क मिळेपर्यंत चुकतच राहतो. पाय ५ वर घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. एरवी डीएस-३२३१ हे घड्याळाचे मोड्यूल लावावे. महिन्याला पाचेक सेकंदांपलीकडे ते सहसा चुकत नाही. काही स्वस्त मोड्यूलवर सेल चार्ज करायची जोडणी असते. तिथे साधा सीआर-२०३२ सेल घातला तर तो फुगू शकतो. त्या जागी चार्ज होणारा एलआयआर-२०३२ तरी घालावा, नाहीतर ती जोडणी तोडावी.

विजेचा हिशेबही शेवटी सॉफ्टवेअरपाशीच येतो. पाय ४ नुसता जागा ठेवला तरी साधारण ३ वॅट खातो, म्हणजे दिवसाला ७२ वॅट-तास. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी ८४ वॅट-तासांची. तिचे आयुष्य राखायचे तर निम्मेच वापरावे. म्हणजे सूर्य नसेल तर चौदा तासांत खेळ खलास. आणि जुलैत सूर्य नसतोच. तोच संगणक दर फोटोला एक मिनिट जागा होऊन पुन्हा पूर्ण बंद झाला, तर ७२ मिनिटांना ४ वॅट धरूनही दिवसाला ५ वॅट-तासांत भागते. तीच बॅटरी आठ दिवस पुरते. ‘विटी पाय’सारखा वीज-वेळापत्रकाचा बोर्ड हे काम करतो. मात्र सॉफ्टवेअर असे हवे, की सुरू होताच फोटो काढेल, तो कार्डावर पक्का उतरल्याची खात्री करेल आणि मगच संगणक बंद करेल.

संगणक बंद न करता चालूच ठेवायचा असेल, तर हार्डवेअर वॉचडॉग चालू करावा. प्रणाली गोठली की तो स्वतः तिला पुन्हा सुरू करतो. ओव्हरले फाइल प्रणाली लावून मूळ भाग केवळ वाचण्यापुरता ठेवावा आणि फोटो कार्डाच्या वेगळ्या विभाजनावर (पार्टिशनवर) लिहावेत. अचानक वीज गेल्याने कार्ड बिघडायची शक्यता त्याने बरीच घटते.

चित्राबद्दल थोडक्यात. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ‘डेलाइट’वर बांधून टाकावा, नाहीतर ढग आला-गेला की गवताचा हिरवा बदलतो आणि फुलोरा मोजणाऱ्याची फसगत होते. फोकसही हातानेच पक्का करावा, कारण धुक्यात ऑटोफोकस चाचपडत राहतो. एक्स्पोजर स्वयंचलित चालेल. फोटोगणिक उजेड बदलल्याने येणारी लुकलुक नंतर काढता येते.

मोबाइल नेटवर्क मिळत असेल तरी सगळे फोटो पाठवायचा मोह टाळावा. बाहेरून कॅमेऱ्याला हाक मारायची योजनाही बहुतेक सिमवर चालत नाही, कारण त्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. कॅमेऱ्यानेच रोज एकदा ६४० पिक्सेल रुंदीचा एक फोटो, बॅटरीचा व्होल्टेज, कार्डावरची मोकळी जागा आणि आदल्या दिवशीच्या फोटोंची संख्या धाडावी. ७२ ऐवजी ४१ आले की माणूस पाठवायचा.

सॉफ्टवेअरबद्दलच्या पत्रात हे विचित्र वाटेल, पण एकाच हंगामाचे काम असेल आणि मंडळात लिनक्स जाणणारा कोणी नसेल, तर टाइमलॅप्सची सोय असलेला ट्रेल कॅमेरा (जंगलात प्राणी टिपायला लावतात तो) आणि लिथियम एए सेल पुरे. चित्राचा दर्जा बेताचा, पण बिघडायला फार काही नाही. जुना कॅनन पॉवरशॉट पडून असेल तर त्यावर ‘सीएचडीके’ (अशा कॅमेऱ्यांना जादा सोयी देणारे सॉफ्टवेअर) चालते का तेही पाहावे.

काहीही निवडा, पण एप्रिलमध्ये ते आठवडाभर गच्चीवर ठेवून छळा. वीस वेळा मधेच वीज काढा. कार्ड फालतू फाइलींनी भरून टाका आणि जागा संपल्यावर ते जुने पुसते, गप्प बसते की निरोप धाडते ते बघा. कॅमेऱ्याची केबल उपसून तासाभराने परत लावा. घड्याळ मुद्दाम मागे न्या. यातल्या एकाही प्रसंगी कोणाला कीबोर्डला हात लावावा लागला, तर ते सॉफ्टवेअर पठारावर नेऊ नका. वनक्षेत्र असेल तर वन विभागाच्या परवानगीचा अर्जही याच महिन्यात टाकावा. जूनच्या पावसात खांब रोवायला कोणी येत नाही.

आपला,
एक वाचक, सातारा