लॅपटॉप भंगारात कशाला?

संपादक महोदय, विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता नवीन मशीन घ्या, हा आपल्या पेपरातला सल्ला वाचला, पटला नाही. माझा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणे, पण विंडोजच्या जागी लिनक्स मिंट हे दुसरं सॉफ्टवेअर टाकलं तर चार जीबी रॅममध्ये मस्त चालतंय, तेही फुकट, आणि रावेरच्या उन्हाळ्यात पंखासुद्धा आधीसारखा घरघरत नाही. केळीच्या कापणीचा, मजुरीचा हिशोब लिब्रेऑफिस या ऑफिस-प्रोग्राममध्ये, सातबारा फायरफॉक्स ब्राउझरमध्ये. प्रिंटरने मात्र दोन दिवस रडवलं, खोटं कशाला बोलू. मिंट इन्स्टॉल न करता आधी नुसतं पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, एवढं तरी छापायला हवं होतं.

— एक वाचक, रावेर (जि. जळगाव)