हळदीच्या ड्रमात ‘नावीन्य’ कमी पडलं म्हणे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सीईटीचा निकाल लागला की सांगली-मिरज रस्त्यावर फ्लेक्स उभे राहतात आणि वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती सुरू होतात. कोट-टाय घातलेल्या पोरांचे फोटो, खाली पॅकेजचे आकडे आणि सगळ्यांत ठळक ओळ ‘नावीन्यपूर्ण अध्यापन पद्धती’. कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, सुरू असताना पालक या ओळी वाचूनच फॉर्म भरतात. हे नावीन्य आमच्या दारात येतं तेव्हा कसं दिसतं, ते कळवावं म्हणून हे पत्र.

माझं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक म्हातारं शेपिंग मशीन आणि वेल्डिंग. साखर कारखान्यांच्या स्पेअरची कामं असतात, आणि हळदीचे पॉलिश ड्रम करतो. शिक्षण डिप्लोमा. तरी आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून ‘इंडस्ट्री एक्स्पर्ट’ म्हणून बोलावणं येतं, ते बहुधा वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात. टेबलावर प्रोजेक्ट मांडलेले असतात. स्मार्ट कचराकुंडी, रेषेवरून चालणारी गाडी, मोबाईलवरून सुरू होणारा पंप. दरवर्षी त्याच वस्तू, पोरं तेवढी वेगळी. ‘ही मोटर किती वॅटची?’ विचारलं की चौघं एकमेकांकडे बघतात, कारण वस्तू पुण्याहून तयार आलेली असते. आम्ही सही करायची, हातात गुलाबाचं फूल घेऊन फोटोला उभं राहायचं. तो फोटो जिओ-टॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, असावा लागतो, हे मला तिथंच कळलं.

इंटर्नशिपची गतही तीच. ‘सर, यायला जमणार नाही, तेवढं सर्टिफिकेट मिळालं तर बरं होईल,’ असा फोन दर उन्हाळ्यात येतो. बोलणारा पोरगा नम्र असतो, त्याला रागवावं असंही वाटत नाही. त्याला वरून सांगितलेलं असतं की कागद आण. आमच्यातले काही कारखानदार तो देतातही.

पण सगळंच असं नाही, आणि मला लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. एका कॉलेजातले तरुण सर, कंत्राटी नेमणुकीवरचे, जानेवारीत दुसऱ्या वर्षाची काही पोरं घेऊन आले. शेवटच्या वर्षाची नव्हे, दुसऱ्या. म्हणाले, ‘तुमच्याकडची एखादी खरी कटकट द्या. उत्तर माहीत नसलेली.’ कटकट तयार होतीच. हळद शिजवून, वाळवून झाली की ट्रॅक्टरवर चालणाऱ्या ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. हंगाम जानेवारी ते एप्रिल. त्यात एका गिऱ्हाईकाच्या ड्रमचं एकाच बाजूचं बेअरिंग दरवर्षी जायचं. हळदीची भुकटी ग्रीसमध्ये शिरते म्हणून जातं, असं धरून आम्ही बदलून द्यायचो.

पोरांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं उत्तर म्हणजे शाफ्ट वाकतोय, जाड करा. सरांनी विचारलं, किती वाकतोय? लगेच कोरसमध्ये आलं, ‘डब्ल्यू एल क्यूब अपॉन फॉर्टी-एट ई आय.’ सूत्र तोंडपाठ. सरांनी एकाच्या हातात टेप दिली. ‘यातला एल, म्हणजे लांबी, कुठून कुठपर्यंत, मोजून दाखव.’

संपादक महोदय, त्यानंतर जी शांतता पसरली ती मी कित्येक ओरलमध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, ऐकलेली आहे, पण तिथं ती नापासाची असते. इथं सर गप्प बसले आणि पोरांना बसू दिलं. एकानं ड्रमची लांबी मोजली, दुसरा म्हणाला बेअरिंगपासून बेअरिंगपर्यंत मोज. वाद झाला. शेवटी एक मुलगी, जत तालुक्यातली, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, ड्रमच्या आत डोकं घालून बघत होती. ती म्हणाली, ‘सर, लोड मध्ये नाहीच की ओ. ड्रम दोन चकत्यांवर बसलाय, लोड तिथं येतोय.’ म्हणजे ते पाठ केलेलं सूत्र इथं लागूच होत नव्हतं. ते मधोमध एकच भार असलेल्या तुळईचं. मग खाली फरशीवर खडूनं आकृती काढून त्यांनी नव्यानं गणित केलं, तर शाफ्टचा वाक अगदी किरकोळ निघाला. मग बेअरिंग का जातंय? डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळ, लावून ड्रम रिकामा आणि भरलेला असा दोन्ही वेळा बघितला. भरला की त्या बाजूचा, बेअरिंग ज्यावर बसवलंय तो लोखंडी अँगलच खाली दबत होता, बेअरिंग तिरकं होत होतं, आणि सीलची कड उघडून भुकटी आत जात होती. अँगलखाली तिकोनी पट्टी वेल्ड केली, बाहेरून नमद्याची चकती बसवली. खर्च काही शे रुपये. त्या हंगामात बेअरिंग गेलं नाही.

त्या मुलीचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, तेव्हा राहिलेला होता. डिप्लोमातून आलेल्यांचं हे ठरलेलं दुखणं, पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं आणि तिसऱ्या सत्रात थेट अंगावर येतं. सरांकडून पुढं कळलं की पेपर सुटला. ड्रममुळं सुटला असा माझा दावा नाही. पण ती त्यानंतर वर्गात प्रश्न विचारायला लागली, एवढं सर म्हणाले.

आता त्या प्रोजेक्टचं कॉलेजात काय झालं ते ऐका. परीक्षकांनी शेरा दिला, ‘नावीन्य कमी. सेन्सर, आयओटी (इंटरनेटला जोडलेली उपकरणं) वापरता आलं असतं.’ शेजारच्या गटाच्या कचराकुंडीला जास्त मार्क पडले. तिला सेन्सर होता.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत ड्रॉइंग शिकवत असत. त्यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात माळरानावर कारखाना काढला, ती आपल्या जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर परदेशात आधीपासून होते. लक्ष्मणरावांनी तो आपल्या जमिनीला चालेल असा केला, आणि लोखंडानं जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या गळी उतरवला. आजच्या प्रोजेक्ट परीक्षेत त्यांनाही विचारलं असतं, नांगरात नवीन काय?

मला वाटलं आपण वर्कशॉपवाले, आपल्याला शिकवण्यातलं काय कळतं. म्हणून त्या सरांना विचारलं की असं शिकवून खरंच फरक पडतो का, की तुमची हौस. त्यांनी मला एक अभ्यास समजावून सांगितला. अमेरिकेत २०१४ साली विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून तपासले. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, आणि वर्गातच प्रश्न सोडवणं, गटात चर्चा करणं असं जिथं होतं तिथं २१.८ टक्के. डेन्मार्कमधलं आलबोर्ग विद्यापीठ तर १९७४ पासून प्रोजेक्टच्या पायावरच उभं आहे. तिथं सत्राचा साधारण अर्धा भाग प्रोजेक्टलाच असतो.

मग आपल्याकडं हे का टिकत नाही? इथं सरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. हार्वर्डमधल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फिजिक्सच्या विद्यार्थ्यांना दोन्ही पद्धतींनी शिकवलं. स्वतः खटपट करून शिकलेल्यांना चाचणीत जास्त मार्क मिळाले, पण आपण किती शिकलो असं विचारल्यावर त्यांना वाटलं, कमी. सुरेख व्याख्यान ऐकलेल्यांना वाटलं, भरपूर शिकलो. डोक्याला ताण पडला की माणसाला वाटतं आपल्याला काही येत नाही. आता हे आपल्या कॉलेजातल्या फीडबॅक फॉर्मला लावून बघा. नोट्स सांगणाऱ्या, ‘हा प्रश्न येणारच’ म्हणून चौकट करून देणाऱ्या सरांना पाचपैकी पाच. हातात टेप देऊन गप्प बसणाऱ्या सरांना ‘शिकवत नाहीत’. आणि कंत्राटी माणसाचं पुढच्या वर्षीचं नेमणुकीचं पत्र त्या फॉर्मवर अवलंबून! मी त्यांच्या जागी असतो तर नोट्सच सांगितल्या असत्या.

शिवाय फायली. भारत २०१४ मध्ये इंजिनिअरिंग पदव्यांच्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला, आपल्या मानांकित पदव्यांना बाहेरच्या देशांत मान्यता मिळण्याची वाट झाली, हे चांगलंच झालं. विद्यार्थ्याला शेवटी काय करता येतं ते बघा, असा त्यामागचा विचार आहे, आणि तो विचार कुठल्याही फोरमनला पटेल. पण खाली येईपर्यंत त्याचं सीओ-पीओ मॅपिंगचं, म्हणजे विषयाची उद्दिष्टं पदवीच्या उद्दिष्टांशी जुळवण्याचं, कोष्टक झालं. प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नापुढं त्याची पातळी लिहिलेली असते, आणि प्रश्न मात्र तोच, गेल्या वर्षीचा. ‘नावीन्यपूर्ण अध्यापन’ हाही फायलीतला एक मुद्दा आहे. अहवाल, हजेरीपत्रक, फोटो जोडला की झालं. आमच्याकडं पोरं आली तेव्हा सरांनी फोटो काढायचे राहून गेले, म्हणून नंतर एकटेच येऊन ड्रमचा फोटो काढून गेले. हसावं की काय करावं!

विद्यार्थ्यांना दोष देणाऱ्यांचं मला पटत नाही. पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या शीट पोरं अजून जीटी मारतात. खाली बल्ब, वर काच, त्यावर मित्राची शीट आणि वर आपली. आमच्या वेळीही हेच होतं. शीट पूर्ण असण्याला मार्क असतील तर पोरगं शीट पूर्णच करणार, ड्रॉइंग वाचायला कशाला शिकेल? पुढं तेच पोरगं आमच्याकडं येऊन सेक्शन कुठून कापलाय ते विचारतं. चांगल्या पॅकेजवाल्या फ्लेक्सवरचं असलं तरी.

या भागाला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. सांगलीत वालचंद कॉलेज १९४७ चं, कराडचं सरकारी कॉलेज १९६० चं. वसंतदादा मुख्यमंत्री असताना १९८३ साली विनाअनुदानित कॉलेजांची दारं उघडली, त्याच साली राजारामनगरचं कॉलेज सुरू झालं. एका बाजूला किर्लोस्करवाडी, मिरज-कुपवाडच्या एमआयडीसी, साखर कारखाने, द्राक्षं, हळद. दुसऱ्या बाजूला एवढी कॉलेजं. मधे वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता, आणि एसटी चालू आहे.

माझी मागणी कॉलेजांच्या प्राचार्यांकडं आणि परीक्षा बघणाऱ्यांकडं आहे. आम्हाला शेवटच्या आठवड्यात सहीला बोलावू नका, सत्राच्या पहिल्या आठवड्यात बोलावा, प्रश्न ठरवताना. प्रोजेक्टच्या मार्कांतला मोठा हिस्सा वहीला द्या. त्यात रोज काय मोजलं, काय चुकीचं धरलं होतं, कुठं अंदाज बदलला, हे पोरानं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं असावं, मराठीत लिहिलं तरी चालेल. तयार वस्तू विकणाऱ्याकडं अशी वही मिळत नाही. निदान आजपर्यंत तरी मिळत नाही. आणि पोरांना घेऊन बाहेर पडणाऱ्या शिक्षकाचे ते तास वर्कलोडमध्ये धरा. त्या सरांनी आमच्याकडं घालवलेल्या दुपारी टाइमटेबलमध्ये रिकाम्या तासांत मोजल्या गेल्या होत्या.

पालकांनाही एक सांगतो. ॲडमिशनला जाल तेव्हा पॅकेज विचाराच, पण दुसऱ्या वर्षाची पोरं गेल्या सत्रात कुठल्या कारखान्यात, शेतात, पाणीपुरवठ्याच्या पंपावर गेली होती आणि काय मोजून आली, तेही विचारा. लॅबमधल्या मशीनवर धूळ आहे की तेल, तेही बघून या. ते दोन मिनिटांत दिसतं.

आमच्या एमआयडीसीतल्या बाकीच्यांशी मी बोललो आहे, चार-पाच जण तयार आहेत. हळदीचा हंगाम आणि कॉलेजचं दुसरं सत्र दोन्ही जानेवारीतच सुरू होतात, तेव्हा यावं. पावसाळ्यात ड्रम उभे असतात, बघायला काही नसतं. चौघांपेक्षा मोठा गट नको, लेथजवळ जागा नाही. पायात बूट हवेत, चप्पल चालणार नाही. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट देऊ, पण वही बघून.

आपला,
कुपवाड एमआयडीसीतील एक वर्कशॉपचालक, सांगली
(नाव छापू नये. त्या सरांची नेमणूक अजून कंत्राटीच आहे.)