शेखरला, लाव्यांच्या पिल्लांबद्दल

डिचोली, ८ ऑगस्ट

प्रिय शेखर,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू म्हणालास, "चवथीआधी तुझ्या सोनेरी लाव्यांची (बटेरांची) पन्नास अंडी दे, कोल्हापूरला मीही अंडी उबवायचं मशीन लावतो." मी हो म्हणून बसलो आणि रात्रभर झोप नाही. अंडी देणार आहे, पण सोनेरी जोड्यांची देणार नाही. का, ते फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसला असतास, म्हणून हे पत्र.

जूनच्या दहाला ६० अंडी लावली. अठराव्या दिवशी पिल्लं निघाली २९, आणि त्यातली ११ धड नव्हती. कोणाचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेले, कोणाची मान मागे वळून आढ्याकडे बघणारी, दोघांची बोटं आत मुडपलेली, एकाची चोच कात्रीसारखी तिरपी. आईनं पेटीत डोकावलं आणि निकाल देऊन टाकला: "रक्तच खराब." मलाही ते पटलं. ज्यानं मला पहिली जोडी विकली त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, कारण 'प्युअर सोनेरी' म्हणून घेतलेल्या जोडीच्या पोटी तपकिरी पिल्लंही निघाली होती. म्हणजे भेसळच की!

पण खरं कारण एक नव्हतं. फाकलेल्या पायांचं कारण तर माझ्या डोळ्यासमोरच होतं: ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीच्या, तळाला अंथरलेलं वर्तमानपत्र. लाव्याचं ताजं पिल्लू सोललेल्या सुपारीएवढं, वजन सात-आठ ग्रॅम, पाय काडेपेटीच्या काडीसारखे. गुळगुळीत कागदावर ते पहिल्याच तासात घसरतं आणि पाय बाहेर जातात ते जातातच. आमच्या पोरीनं, बायनं, एकाला उचललं. मी मायक्रोपोरच्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा कापून दोन्ही पायांमध्ये बोटाच्या रुंदीपेक्षा थोडं कमी अंतर राहील असा बांधला आणि त्याला चहाच्या लहान कपात बसवलं, म्हणजे पाय पोटाखालीच राहतात. ते कपातून मान वर काढून ओरडत राहिलं. तिसऱ्या दिवशी पट्टी काढली तर उभं! उशीर केला असता तर हाडं तशीच घट्ट झाली असती. आता तळाला काथ्याची खरखरीत चटई आहे.

वाकड्या मानेवर बी-कॉम्प्लेक्सचे थेंब चोचीशी लावले. दोनांपैकी एक दोन दिवसांत सरळ झालं, दुसरं गेलं. काहींत ती वाकडी मान आनुवंशिकही असते, त्यामुळे त्या दुसऱ्याबद्दल मी छातीठोकपणे काही बोलत नाही. मुडपलेल्या बोटांचा दोष मात्र माझाच. मे महिन्यात खाद्याचे भाव चढले म्हणून मी माद्यांना तांदळाची कणीच जास्त घातली. कणीत रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) फार थोडं, आणि मादीच्या खाण्यात नाही ते अंड्यात कुठून येणार? आता पुन्हा अंड्यांवरच्या माद्यांचं तयार ब्रीडर खाद्य चालू केलंय.

आता गोव्याच्या हवेची गोष्ट. पहिले १४-१५ दिवस मशीनमध्ये आर्द्रता ५०-५५ टक्के हवी, शेवटचे तीन दिवस ६५-७०. मी मेच्या सवयीनं पाण्याची वाटी भरत राहिलो. बाहेर डिचोलीचा पाऊस, भिंतीवर बुरशी, आणि मी वर पाणी घालतोय! अंड्यातलं पाणी पुरेसं सुकलंच नाही. नऊ पिल्लं कवचाला भोक पाडून तिथंच मेली. तीन निघाली ती फुगलेल्या पोटाची, बेंबी न मिटलेली. ती वाचली नाहीत. त्यात करंट जायचा तो वेगळाच.

दुसरी बॅच ३० जूनला लावली, पाण्याची वाटी काढून, थर्मामीटर तपासून, चटई घालून. पाय फाकलेलं एकही नाही. म्हणजे आई म्हणाली ते रक्त निर्दोष! पण मी या वेळी सोनेरी आणि तपकिरी जोड्यांच्या अंड्यांवर खुणा केल्या होत्या. तपकिरी जोड्यांची अंडी चांगली उबली. सोनेरी नर आणि सोनेरी मादी यांची ती नाही. न उबलेली फोडून पाहिली तर बऱ्याच अंड्यांत गर्भ लहानपणीच थांबलेला.

मग वाचायला लागलो. सोनेरी रंगाच्या जनुकाची एकच प्रत असेल तर पिल्लू सोनेरी. आईकडूनही आली आणि बापाकडूनही, तर ते जन्मतच नाही. अशा जोडीतली सरासरी चौथा हिस्सा अंडी वाया, आणि जी जगतात त्यांत तीनातलं एक तपकिरी. 'प्युअर सोनेरी' असं काही नसतंच. ज्याला मी शिव्या घातल्या तो बिचारा निर्दोष. त्याच्याकडे परवा गेलो, चहा घेऊन आलो, यातलं काहीच बोललो नाही.

तिरप्या चोचीचं पिल्लू दोन्ही वेळा एकाच पिंजऱ्यातून आलं. त्यात भाऊ-बहीणच होते, मी आळसानं वेगळे केले नव्हते. लावे या बाबतीत फार नाजूक, जवळच्या रक्तात जोड्या लावल्या की दोन-तीन पिढ्यांत अंडी उबेनाशी होतात. त्या पिंजऱ्यातली अंडी आता आमच्या ऑम्लेटला.

तर तुला सोनेरी नर आणि तपकिरी माद्या यांची अंडी पाठवतोय. अर्धी पिल्लं सोनेरी, अर्धी तपकिरी निघतील, आणि त्या रंगापायी अंडं वाया जाणार नाही. पुढे जोडी लावताना सोनेरीला सोनेरी देऊ नकोस, आणि एखादा नर तिकडच्याच कोणाकडून आण. अंडी पोचली की बोथट टोक वर ठेवून दिवसभर तशीच राहू देत, मग लाव. पाण्याच्या भांड्यात गोट्या टाक, नाहीतर ही कार्टी बुडून मरतात.

कपातलं पिल्लू नर निघालं. आज पहाटे पहिल्यांदा आरवलं, पावसात, आणि बाय मला उठवायला आली.

तुझा,
विनायक